पापड पांढरे राहिले तो उन्हाळा

त्या उन्हाळ्यात आमचे पापड पांढरेच राहिले. दुसऱ्या कुठल्या गावात ही कौतुकाची गोष्ट झाली असती, पण भिलाईतल्या मरोद्यात आमच्या क्वार्टरच्या अंगणात तिने सगळ्यांची झोप उडवली. आमचं घर पोलादाच्या प्लांटला इतकं लागून होतं की वारा आमच्या बाजूला वळला की कोक ओव्हनची, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांची, काळी भुकटी घरात पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच मुक्काम ठोकायची. दोरीवरच्या कपड्यांवर, खाटेवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर, सगळीकडे ती. आई वाळवणावर जुनं विरलेलं लुगडं पसरायची, तरी संध्याकाळी प्रत्येक पापडावर तिळासारखे काळे ठिपके असायचेच. "तिळाचे पापड हायत म्हनून खा," असं ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली होती, आणि आम्ही खातही होतो. त्या वर्षी मात्र तिने लुगडं उचललं, एक पापड हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, आणि बाबांना हाक मारली. "अजी, हे पाहा. एक ठिपका नाई याच्यावर."

बाबा कोक ओव्हनमध्येच कामाला होते. पहिली पाळी करून आले की आधी अंगणातल्या नळाखाली बसायचे, आणि बराच वेळ पाणी काळं वाहायचं. त्यांच्या शर्टाला जो गॅसचा वास होता तो आईने कितीही घासलं तरी जात नसे. मला तो आवडायचा, कारण तो आला की बाबा आले हे डोळे मिटूनही कळायचं. जेवायला ज्वारीची भाकरी, मुंगवड्यांचा रस्सा, कच्चा कांदा आणि आंबील. आंबील पिताना ते भुर्रर्र असा आवाज करायचे आणि आई दर वेळी म्हणायची, "लोकं म्हन्तीन इंजिन आलं." हा विनोद आमच्या घरात इतका जुना होता की त्यावर कुणी हसत नव्हतं, पण तो एखाद्या दिवशी झाला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. पांढऱ्या पापडांच्या दिवशी तो झाला नाही. बाबांनी पापड पाहिला, काही न बोलता परत सुपात ठेवला आणि भाकरी अर्धी टाकून उठले.

झालं होतं असं की देश बुडायला आला होता. निदान सगळे तसं म्हणत होते. बाहेरच्या देशांचं कर्ज फेडायला सरकारपाशी परदेशी पैसा उरला नव्हता आणि देशाचं सोनं विमानात घालून परदेशी गहाण ठेवायला नेलं, ही बातमी रेडिओवर आली. आता या बातमीतला परकीय चलन वगैरे भाग आईला कळला नाही, पण सोन्याचा भाग तिला कॉलेजात न जाता कळला. ती नकळत गळ्यातल्या पोतीला हात लावून म्हणाली, "सोनं काहाडलं म्हन्जे घरात काईच नाई उरलं." आमच्या प्लांटला लागणारा काही कोळसा जहाजाने बाहेरून यायचा. मग लोकांनी पुढचं गणित स्वतःच मांडलं. डॉलर नाही तर जहाज नाही, जहाज नाही तर कोळसा नाही, कोळसा नाही तर भट्टी नाही, आणि भट्टी नाही तर आपण इथे काय करतोय? शेजारच्या साहूबाई कुंपणापलीकडून छत्तीसगढीत सांगायच्या, "रायपुर म सब कहत हें, दिवाली के पहिली ताला लगही." कुणी म्हणे दिवाळी, कुणी म्हणे पोळा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर सतरंज्या गुंडाळायच्या आधी हीच चर्चा. आणि या सगळ्या बोलण्याला आमच्या घरातून पुरावा मिळत होता, तो म्हणजे आईचे पापड: काजळी नाही, म्हणजे भट्ट्या थंडावल्या. बायका पाहायला यायच्या, एकेक पापड उन्हात धरायच्या आणि गंभीर चेहऱ्याने परत जायच्या.

मी त्या वर्षी दुर्गच्या कॉलेजातून बी.ए. झाले होते, विषय अर्थशास्त्र. हा विषय मी निवडला असं म्हणायला छान वाटतं, पण खरं म्हणजे भूगोलाचा वर्ग भरला होता. नंतर मात्र त्याची गोडी लागली, आणि ती लावली आमच्या सरांनी. सर फळ्यासमोर उभे राहिले की खडूचे तुकडे उडायचे. देशाचं पुढे काय होणार याविषयी त्यांचं मत ठाम होतं आणि ते दर आठवड्याला बदलायचं, पण ठामपणा कधी कमी झाला नाही. त्या दिवसांत त्यांचं मत असं होतं की सरकार सगळे कारखाने विकून टाकणार आणि आपल्या प्लांटचे दिवस भरले. मी आज त्यांची थट्टा करते, पण "तू नागपूरला एम.ए.ला जा, इथे थांबू नकोस," हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. ते उपकार माझ्यावर आहेत. बाबांनीही होकार दिला होता. आमच्या घरात शिकण्याला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. भिंतीवरच्या दोन तसबिरींकडे बोट दाखवून बाबा म्हणायचे, "यायच्यासमोर नाई म्हनाची माही हिंमत नाई."

पण भीती हिमतीपेक्षा आधी घरात शिरते, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. बाबांचं भंडाऱ्याकडचं गाव एका खाणीच्या काठी होतं. ते लहान असताना ती खाण एका सकाळी बंद झाली. माझे आजोबा रोजच्यासारखे डबा घेऊन गेले आणि डबा तसाच भरलेला परत घेऊन आले. त्या दिवसापासून गाव सुटलं आणि बाबा वणवण करत भिलाईपर्यंत पोचले. ही गोष्ट ते कधी रंगवून सांगत नसत. आई सांगायची, तीही ते घरात नसताना. त्यामुळे ते सुपातला पापड पाहून का गप्प झाले हे मला कळत होतं. एवढंच कळत नव्हतं की त्या गप्प बसण्यातून माझंच लग्न निघणार आहे.

एका दुपारी नळाखालून उठता उठता ते म्हणाले, "चरोद्याचे मेश्राम येऊन राहिले रविवारी. तुले पाहाले."

मी आईकडे पाहिलं. आई चुलीकडे पाहत होती. म्हणजे तिला माहीत होतं.

"अन् नागपूर?" मी विचारलं.

"प्लांट राहिला पाह्यजे ना नागपूरले धाडाले," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "त्यायचा पोरगा रेल्वेत आहे, यार्डात. काई झालं तरी रेल्वे बंद पडत नाई. तू तरी सुटशील इथून."

आईने मागून जोडलं, "रेल्वेवाल्यायले पास भेटते. कवाबी मायेरी येता येते." बिचारीने मला समजवायला तिच्या हाताशी होतं ते सगळ्यात चांगलं कारण काढलं होतं. मी मागच्या अंगणात गेले आणि त्या पांढऱ्याशुभ्र पापडांवर इतकी चिडले की विचारू नका. काळे ठिपके पडले असते तर मी नागपूरला गेले असते, असं सरळ सरळ वाटत होतं. अर्थशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी आकाशाकडे पाहून काजळी मागत होती.

रविवारी ऊन असं की कूलरसुद्धा दम टाकत होता. मेश्रामकाका, काकू आणि त्यांचा मुलगा प्रदीप एकाच स्कूटरवरून आले आणि तिघंही घामाने निथळत होते. आईने कैरीचं पन्हं दिलं आणि आलूबोंडे तळायला घेतले. मेश्रामकाका चरोद्याच्या यार्डात मालगाड्या जोडण्या-तोडण्याच्या कामावर होते. डबे एकमेकांवर आदळण्याच्या आवाजात जन्म काढल्यामुळे त्यांचा आवाज मुळातच चढा होता. "जयभीम, भाऊ!" ते दारातून एवढ्या जोरात म्हणाले की साहूबाई कुंपणाशी आल्या आणि मग तिथेच काहीतरी निवडत बसल्या. प्रदीप मान खाली घालून बसला होता. तो माझ्याइतकाच अडकलेला दिसत होता. आलूबोंडे मात्र त्याने मनापासून खाल्ले, आणि आई त्याच्यावर लगेच खूश झाली.

बोलणं इकडून तिकडून फिरत देशावर आलं, कारण त्या महिन्यात कुठलंही बोलणं शेवटी तिथेच यायचं. बाबा जपून बोलत होते, जणू प्लांटविषयी फार वाईट बोललं तर आपली किंमत कमी होईल आणि फार चांगलं बोललं तर मग घाई कसली, असं समोरचा विचारेल. मेश्रामकाका पन्ह्याचा ग्लास खाली ठेवून माझ्याकडे वळले. "तू तं इकॉनॉमिक्सवाली ना, बाई? तुले तं समजते. आता तूच सांग, तुह्या बाबाचा प्लांट बंद पडते का चालते?"

स्वयंपाकघराच्या दारात आई हातात झारा घेऊन उभी राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्या क्षणी दिसत होतं की दोन्ही उत्तरं माझ्याचबद्दल आहेत. पडतो म्हणाले तर लग्न पक्कं, कारण मग रेल्वेशिवाय आसरा नाही. चालतो म्हणाले तर नागपूर, पण पोरीने पाहुण्यांसमोर मोठेपणा केला असं होणार. सरांच्या फळ्यावरचं सगळं आठवून पाहिलं. त्यात याचं उत्तर नव्हतं. मग जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

"काका, मले नाई मालूम," मी म्हणाले. "आमचे सर म्हन्ते पडते. पन मले इचारसाल तं मी म्हनीन, नाई पडत. अन् माह्या बोलन्यावर भरवसा नोका ठेवू. मले नागपूरले शिकाले जायाचं आहे. प्लांट बंद पडला तं बाबा मले धाडत नाई. माह्या फायद्याचं आहे तेच बोलून राहिली मी."

बाबांचे कान लाल झाले. आईच्या झाऱ्यातून तेलाचा थेंब फरशीवर पडला. काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं संपलं, आता आयुष्यभर माझं नाव निघालं की हाच प्रसंग निघणार. मग मेश्रामकाका हसायला लागले. यार्डातल्या माणसाचं हसणं ते. कूलरचा आवाजसुद्धा त्यात बुडाला.

"भाऊ," ते बाबांना म्हणाले, "महिना झाला, जो भेटते थो मले देशाचं भविष्य सांगून राहिला. पन आपला फायदा कशात आहे, हे सांगनारी हे पहिली भेटली." मग हसणं थांबवून त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं. "आता माही बी आयका. आमच्या यार्डात म्हनून राहिले का मालगाड्या कमी होनार, भरती बंद होनार. प्रदीप अजून पक्का नाई झाला. मी घरी म्हटलं, रेल्वेचं काई खरं नाई, प्लांटवाल्याची पोरगी पाहू. प्लांट बंद पडते काय कधी? त्यायचं हॉस्पिटल आहे, शाळा आहे, क्वार्टर आहे. पोराले आधार होईन."

बाबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. "तुमी प्लांटच्या आधारानं आले?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"अन् आमी तुमाले बोलावलं रेल्वेच्या आधारानं!"

यावर काय झालं ते मला शब्दांत नीट मांडता येणार नाही. आधी आई हसली, दारातूनच, झारा हातात घेऊन. मग काकू. मग बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. भिलाईपासून चरोद्यापर्यंत किती अंतर आहे? स्कूटरने घाम वाळायच्या आत संपतं. पण दोन घरं एकमेकांच्या छपराकडे पाहून आपल्या छपराला भीत होती. प्रदीपने पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "बच गए." तो घरातही हिंदीच बोलायचा.

निघताना मेश्रामकाकांनी बाबांचा हात हातात घेतला. "पोरगी आमाले पसंत आहे, भाऊ. पन आज मी नाई मांगत. आपन दोघंही भेऊन बसलो होतो. तिले शिकाचं म्हन्ते, तं शिकू द्या. पुढं प्लांट राहिला, रेल्वे राहिली, अन् तिच्या मनात आलं, तं पुन्हा येतो आलूबोंडे खाले." त्या माणसाला मला पसंत करून, सून म्हणून घरी नेऊन, चार लोकांत मिरवता आलं असतं. त्याने हसून मोकळं केलं. मी आजवर अनेकांचे आभार मानले, सभांमध्ये, सत्कारांमध्ये. मेश्रामकाकांचे मानायचे राहिलेच, म्हणून ते इथे मानते. पुढे प्रदीपचं लग्न एका नर्सशी झालं. त्या लग्नात मी जेवायला वाढलं आणि काकांनी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय वं, प्लांट चालते का नाई?"

मेश्राम येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवरून आले, नळाखाली बसले आणि पाणी काळं वाहत असतानाच म्हणाले, "नागपूरचा फारम कवा भराचा आहे?" एवढंच. मी उत्तर दिलं आणि घरात जाऊन आईला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड, पिठाचे हात हायत." पण सोडवून घेतलं नाही तिनेही.

दुर्गच्या स्टेशनवर बाबा मला पोचवायला आले, ते उतरायच्या आत गाडी सुटली म्हणून गोंदियापर्यंत आले असं त्यांचं म्हणणं होतं. खरं म्हणजे ते डब्यात चढले आणि उतरलेच नाहीत. सगळ्या वाटेत खिडकीतून बाहेर पाहत, कुठल्या गावात कुणाची सोयरीक आहे ते सांगत होते. गोंदियाला उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला तोच वास होता. होस्टेलवर मुंगवड्या, लोणचं आणि लाखोळीच्या डाळीचं पीठ असं गाठोडं सोडलं तेव्हा खोलीतल्या मुली हसल्या, आणि आठवड्यात त्यांनीच ते सगळं संपवलं.

आता पापडांचं खरं काय होतं ते सांगते. वारा फिरला होता, बस. त्या वर्षी तो बरेच दिवस दुसऱ्या बाजूने वाहिला आणि आमची भुकटी दुसऱ्या वस्तीच्या वाळवणावर पडली. आमच्या लक्षात हे आलं तेव्हा पावसाळा तोंडावर होता आणि तोवर तिकडच्या बायकांनी काळे पापड पाहून आपला प्लांट जोरात चालल्याचा निष्कर्ष काढला असेल, तर त्यांचंही चूक म्हणता येत नाही. प्लांट बंद पडला नाही. देशही बुडाला नाही. पण जसा होता तसाही तो राहिला नाही. पक्क्या नोकऱ्या आटल्या, कंत्राटी माणसं वाढली, आणि आम्ही घर न हलवता मध्य प्रदेशातून छत्तीसगढात आलो. त्या उन्हाळ्यात भविष्य सांगणाऱ्या एकानेही यातलं काही सांगितलं नव्हतं, आमच्या सरांनी नाही आणि साहूबाईंनीही नाही.

मी पुढे आयुष्यभर हाच विषय शिकवला. अलीकडे शेजारचा एक देश असाच कर्जात अडकला, तिथल्या रांगा टीव्हीवर दिसत होत्या, तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, अपने यहाँ भी ऐसा होगा क्या?" मी तिला आधी माझा पेन्शनचा पैसा कुठे आहे ते सांगितलं आणि मग माझं मत सांगितलं. ही सवय मला कॉलेजने लावली नाही. ती त्या घामाने ओल्या खोलीत लागली, आणि त्या खोलीतल्या एकाही माणसाने मला त्याबद्दल शिक्षा केली नाही, म्हणून ती टिकली.

बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून माझ्याकडे भिलाई-३ला राहायला आले. संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसायचो. एकदा सहज बोलताना मी म्हणाले, त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोलले त्यावर तुम्ही विश्वास ठेवलात, म्हणून माझं आयुष्य झालं. ते हसले. दात नव्हते, तरी हसू तेच.

"विस्वास कायचा?" ते म्हणाले. "तूच तं म्हनली होती, भरवसा नोका ठेवू म्हनून. मले पुरं वाटे का प्लांट बंद पडते."

"पडते?" मी सरळ बसले. इतकी वर्षं मी समजत होते की त्या हसण्याबरोबर बाबांची भीती गेली. "नागपूरचा फारम भरला तवाबी?"

"तवाबी. तुले गोंदियाले सोडलं तवाबी."

"मंग मले धाडलं कावून, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढं शिकून हिला इतकं साधं कसं कळत नाही.

"बंद पडनार होता म्हनूनच तं धाडलं, पगार येत होता तवरच. चालनार असता तं म्हटलं असतं, थांब आनखी एक वर्स, काय घाई आहे."